झाडांची नावं

"पोटात दुखतंय" एवढंच सांगत त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला बोटीवर आणलं. बांबूला चादर बांधून केलेली झोळी, पुढे वडील, मागे काका. ऑगस्टची झड लागलेली, संध्याकाळचे साडेचार वाजून गेलेले. आमची तपासणी आटोपली होती, नावाडीदादा दोर सोडायच्या बेतात होते.

मी या बोटीवर चार वर्षं सिस्टर आहे. बोट संस्थेची. एक डॉक्टर, मी, नावाडीदादा आणि बांबू घेऊन पुढे बसणारा त्यांचा पुतण्या. सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. काठची शेतं गेली, पायवाटा गेल्या, उरलेले पाडे डोंगरावर सरकले. काही पाड्यांना आता तिन्ही बाजूंनी पाणी आहे. तिथं आम्ही लसी देतो, बाळांची वजनं घेतो, हिवतापासाठी रक्त तपासतो, सिकलसेल बघतो, गरोदर बायांचा रक्तदाब मोजतो. देणगीदार औषधांसाठी हसत पैसे देतात. डिझेलचा विषय निघाला की गप्प होतात. याचा मला फार राग येतो. बोट पोचलीच नाही तर पेटीतल्या औषधाचं करायचं काय?

पोराला थुंकी गिळता येत नव्हती. आवाज नाकातून येत होता. डॉक्टरांनी आधी पापण्या बघितल्या. अर्ध्या मिटलेल्या, सांगूनही वर जात नव्हत्या.

"रात्री झोपला कुठं होता?"

"खाली, जमिनीवर."

"मण्यार," डॉक्टर म्हणाले.

मण्यार हा अतिविषारी साप, माणूस झोपेत असताना चावते. तिचे दात इतके बारीक की खूण शोधूनही सापडत नाही. सूज नाही, आग नाही. सकाळी पोटात दुखतं, घसा दुखतो, घरच्यांना वाटतं काहीतरी खाल्लं असेल. वडील म्हणाले, पाड्यावरच्या बडव्यानंच, म्हणजे मंत्र-औषध करणाऱ्यानंच सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, बोट आलीय तिकडं न्या. त्या बडव्याचे मी मनातल्या मनात किती आभार मानले.

प्रतिविषाची पावडर असते. एकेका कुपीत दहा मिली पाणी सोडायचं आणि ती दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. अशा दहा कुप्या. पोर लहान म्हणून डोस लहान नसतो. सापानं विष माणसाचं वय बघून टाकलेलं नसतं. शेजारी अॅड्रेनॅलिनची सिरिंज भरून ठेवली, रिअॅक्शन आलीच तर. बोट सुटली होती, काका सलाईनची बाटली वर धरून उभे होते आणि मी कुप्या फिरवत होते. पावडरचे कण काचेला चिकटून राहायचे, सुटता सुटत नव्हते. हात घाई करायला बघत होते आणि मला ती करायची नव्हती.

अर्ध्या तासात त्याचा श्वास उथळ झाला, छाती जेमतेम हलू लागली. लकवा एकदा बसला की प्रतिविषानं तो लगेच उतरत नाही. तोवर श्वास आपण द्यायचा. डॉक्टरांनी जबडा वर उचलून दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरला, मी अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबायला लागले. दर चार सेकंदांनी एकदा. मान लुळी पडलेली, डोळे पूर्ण मिटलेले. पोर गेलं असं समजून वडिलांनी हंबरडा फोडला.

डॉक्टर त्यांच्यावर ओरडलेच. "त्याला सगळं ऐकू येतंय! स्नायू चालत नाहीत, शुद्ध आहे. रडू नका, त्याच्याशी बोला."

पण अशा वेळी बोलणार काय? वडिलांच्या तोंडून शब्द फुटेना. मी तर आकडे मोजत होते. बोटीत आवाज होता तो फक्त इंजिनाचा आणि दादांचा.

दादा पुतण्याला झाडं सांगत होते. २०१९ साली धरण १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. आमच्या या फेरीच्या वेळी पाणी त्याहून बरंच खाली होतं. असं अर्धवट पाणी सगळ्यात वाईट. बुडालेल्या झाडांचे वठलेले शेंडे पाण्याखाली हात-दीड हातावर असतात, दिसत नाहीत, आणि पंखा त्यात अडकला की बोट जागीच थांबते. दादा त्याच काठच्या बुडालेल्या गावातले. उजेड कमी होत होता आणि ते आठवणीवर बोट चालवत होते.

"पुढं मोह आहे, जोडमोह. डावीकडं घे... आता शाळेचा उतार, इथं काही नाही, जाऊ दे... दम धर, माझ्या आत्याचा आंबा आला. बांबू घाल. लागला? त्याच्या उजवीकडनं."

दोन तास असंच चाललं. एका वळणावर रेंज मिळाली, डॉक्टरांनी मान कलवून खांद्यावरच्या फोनवरून १०८ला कळवलं. भुषाच्या काठाला लागलो तेव्हा अंधार पडला होता आणि गाडीचे दिवे वर दिसत होते. बॅग काकांच्या हातात दिली. दाबायचं कसं ते बोटीतच शिकवलं होतं. डॉक्टर गाडीत बसून नंदुरबारपर्यंत गेले. माझी बोटं आखडून गेली होती, दादांनी दिलेला पाण्याचा तांब्या मला धरता येईना.

पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. पहिल्यांदा पापणी हलली तो निरोप आला, तेव्हा मी लसींची पेटी भरत होते. पेटी तशीच ठेवून बाहेर जाऊन रडले.

बाराव्या दिवशी आमच्याच बोटीनं तो घरी निघाला. आवाज अजून बसलेला. वडिलांनी दहादा मागे बोलावलं तरी ऐकेना, पुढे पुतण्याजवळ जाऊन बसला. पाणी चांगलंच चढलं होतं, कुठं काही दिसत नव्हतं. बराच वेळ तो बोटीच्या कडेवरून खाली बघत राहिला. मग मागे वळून दादांना म्हणाला, "काका, आत्याचा आंबा गेला का?"

दादांनी इंजिन मंद केलं.

"नाही अजून. तो खडक दिसतो ना, त्याच्या पुढं."