बोटांवरची लाल रेघ

स्वसंरक्षणाचे वर्ग मी गेली सतरा वर्षे घेते आहे, त्यामुळे नव्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी पिशवीतून चाकू काढून दाखवावा, याचे मला आता नवल वाटत नाही. त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आलेल्या गृहस्थांनी मात्र चटईवर रुमाल पसरला, त्यावर तीन घडीचे चाकू ओळीने मांडले आणि सोनाराकडे दागिने पारखायला आणावेत तशा सुरात विचारले, "मॅडम, यांतला एकच ठेवायचा आहे, बाकीचे दोन परत करायचे आहेत. कुठला ठेवू?"

त्यांचे औषधांचे दुकान होते. रात्री उशिरा शटर ओढून, दिवसभराची रोकड पिशवीत घेऊन ते एकटे घरी जात. काही दिवसांपूर्वी शटरला कुलूप लावताना मागे कोणीतरी येऊन उभे राहिले, काहीच न बोलता थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. घडले एवढेच, पण त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली होती. पोलाद, लांबी, वजन, लॉकचा प्रकार अशी सगळी माहिती त्यांनी एका वहीत नीटनेटकी उतरवली होती, आणि ती वही पाहून त्यांच्याविषयी मला आदरच वाटला. भीतीपोटी खरेदी करणारी माणसे बहुधा इतका विचार करत नाहीत.

मी तिन्ही चाकू हातात घेऊन पाहिले. पहिला साधा, आजोबांच्या खिशात सापडावा तसा. त्याच्या पात्याला नखाने उघडण्यासाठी खाच होती आणि उघडलेले पाते केवळ पाठीमागच्या पट्टीच्या ताणावर उभे राहत होते. अशा चाकूला लॉक नसतो. पात्याच्या पाठीवर उलट दिशेने दाब आला की ते मिटते, आणि मिटताना वाटेत आपली बोटे असतात. दुसऱ्याला लायनर लॉक होता. मुठीच्या आतली पातळ धातूची पट्टी पाते उघडताच सरकून त्याच्या बुडाखाली येते आणि त्याला अडवून धरते. ही कल्पना जुनी असली तरी तिला आजचे रूप मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दिले. तिसरा चाकू स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा होता. अंगठ्याने थोडे ढकलले की उरलेले काम स्प्रिंग करते आणि 'खट्' असा झकास आवाज येतो. सगळा जीव त्यांचा याच चाकूत अडकला होता, हे ते न सांगताही कळत होते.

त्यांचा पहिला प्रश्न पोलादाचा होता. दुसऱ्या चाकूचे पाते कडकपणाच्या रॉकवेल मापावर 58, तर तिसऱ्याचे 60 भरते, असे वहीत लिहिलेले होते. मी त्यांना सांगितले की दिवसभर दोर आणि पुठ्ठे कापणाऱ्या माणसासाठी हा फरक खरा आहे, कारण कडक पोलादाची धार अधिक टिकते. ज्या प्रसंगासाठी तुम्ही चाकू घेताय तिथे मात्र तुमच्या हाताला या दोन आकड्यांतला फरक कधीही जाणवणार नाही. मग मी त्यांना बेसिनपाशी नेले, हातांना साबण लावायला सांगितले आणि मिटलेले चाकू एकेक करून तसेच निसरड्या हातांनी धरायला दिले. घाबरलेल्या माणसाचे तळहात घामेजतात, त्याची ही सौम्य नक्कल. तिसऱ्या चाकूची मूठ गुळगुळीत, चकचकीत धातूची होती. ती त्यांच्या मुठीतून साबणाच्या वडीसारखी निसटली आणि बेसिनमध्ये पडली. दुसऱ्याची मूठ खरखरीत होती, शिवाय पात्याच्या बाजूला तर्जनी अडेल असा उंचवटा होता. हा उंचवटा किरकोळ दिसतो, पण चाकूचे टोक एखाद्या टणक वस्तूवर आदळले तर चाकू थांबतो आणि हात पुढे सरकतो, तेव्हा त्या हाताला धारेवर जाण्यापासून अडवणारे दुसरे काहीही नसते. हे मी सांगत असताना ते वहीत नवा रकाना आखत होते.

इथवर सगळे खरेदीचे बोलणे होते. त्यानंतर मी माझ्या पेटीतून सरावाचे चाकू काढले. हुबेहूब त्याच जातीचे लॉक, पण पाते बोथट, टोक गोल आणि मूठ लाल, म्हणजे चुकूनही खऱ्याशी गल्लत होऊ नये. खरे तीनही चाकू मी रुमालात बांधून कपाटात ठेवले. माझ्या वर्गात धारदार पाते चटईवर येत नाही, या नियमाला आजवर मी अपवाद केलेला नाही.

आधी शांतपणे उभे राहून, कोणी समोर नसताना, खिशातून चाकू काढून उघडायचा, असा प्रयोग केला. लायनर लॉकचा चाकू उघडायला त्यांना सुमारे अडीच सेकंद लागले आणि स्प्रिंगचा दोनच्या आत उघडला. त्यांचा चेहरा खुलला. मग मी माझ्या सहकाऱ्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्यापासून सहा-साडेसहा मीटरवर उभे केले. हे अंतर मी मनाने ठरवलेले नव्हते. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलात प्रशिक्षण देणारे डेनिस ट्यूलर यांनी माणूस 21 फूट अंतर किती वेळात धावून येतो ते मोजून पाहिले आणि 1983 साली त्यावर लेख लिहिला. उत्तर होते साधारण दीड सेकंद. त्यांचा प्रश्न कमरेला पिस्तूल असलेल्या, रोज सराव करणाऱ्या पोलिसापुरता होता. आमच्यासमोर होते पँटच्या खिशात चाकू आणि हातात पिशवी असलेले औषध-दुकानदार.

सहकारी ओरडत धावत आला. पहिल्या वेळी त्यांचा हात खिशात होता. दुसऱ्या वेळीही खिशातच. तिसऱ्या वेळी चाकू बाहेर आला, पण त्याच्या क्लिपमध्ये खिशाचा काठ अडकून आला आणि सगळा खिसा उलटा लोंबत राहिला. चौथ्या वेळी अंगठा पात्यावरच्या बोंडावरून घसरला आणि चाकू चटईवर पडला. सात वेळा केले, सातांपैकी एकदाही पाते पूर्ण उघडले नाही. घाबरल्यावर शरीरात ॲड्रेनलिन सुटते, बोटांच्या टोकांकडचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि हात थरथरू लागतात. धावायला, ढकलायला मोठे स्नायू तयार होतात, पण नेमकी अंगठ्याची ती नाजूक हालचाल अवघड होऊन बसते. त्यातही हा नुसता खेळ होता, समोरच्या माणसाला त्यांनी काही मिनिटांपूर्वी पाणी दिले होते.

"म्हणजे माझा वेग कमी पडतोय," ते म्हणाले.

मी उत्तर दिले नाही, कारण पुढचा प्रयोग मला दाखवायचा होता. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जण इथेच वेगाच्या मागे लागतात, आणि तसे लागले की पुढचे सहा महिने आरशासमोर चाकू उघडण्यात जातात.

या वेळी मी त्यांच्यावर उपकार केले: लायनर लॉकचा सरावाचा चाकू आधीच उघडून हातात दिला. बोथट पात्याच्या कडेला लाल लिपस्टिकचा जाड थर लावला. जिथे पाते टेकेल तिथे खूण उठते, म्हणून आम्ही ही युक्ती नेहमी वापरतो. सहकाऱ्याने पांढरा बनियन घातला होता. त्याने जवळ येऊन त्यांचे उजवे मनगट दोन्ही हातांनी पकडायचे, एवढेच ठरले होते. झटापट जेमतेम चार-पाच सेकंद चालली असेल. मनगट सुटत नाही म्हटल्यावर त्यांनी चाकू डाव्या हातात घेतला, आणि ही सूज्ञपणाचीच गोष्ट होती. त्याच क्षणी सहकाऱ्याचा कोपर खाली आला आणि पात्याच्या पाठीवर आपटला.

मी शिट्टी वाजवली. ते धापा टाकत होते, पण खुशीत होते. बनियनवर दोन लाल फराटे उठले होते आणि त्यांनी बोट दाखवून ते मला दाखवले. वर्ग सुटूनही रेंगाळलेल्या दोघी-तिघींनी टाळ्याही वाजवल्या. मी म्हटले, "आता डावा हात उघडा."

चाकू त्यांच्या मुठीत मिटलेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवून तळहात वर केला, तर तर्जनीपासून करंगळीपर्यंत चारही बोटांवर, मधल्या पेरांच्या आतल्या बाजूने, पट्टीने आखावी तशी एक सरळ लाल रेघ उमटलेली होती.

खोलीत कोणी काही बोलले नाही. त्यांनी बोटे मिटली, उघडली, पुन्हा मिटली. रेघ थोडी पसरली.

झाले होते ते असे. लायनर लॉकची पट्टी उजव्या हाताच्या माणसाला सोयीची जाईल अशी बसवलेली असते. चाकू डाव्या हातात गेला की बोटांची टोके मुठीला वळसा घालून नेमकी त्या पट्टीपाशी येतात, आणि जिवाच्या आकांताने आवळलेल्या मुठीत बोटाचे मांस पट्टीला हळूच बाजूला सारू शकते. पट्टी सरकली आणि त्याच वेळी पात्याच्या पाठीवर दणका बसला, की तो चाकू पहिल्या, बिनलॉकच्या चाकूपेक्षा वेगळा उरत नाही. लॉक किती किलो वजन पेलतो याच्या जाहिराती सगळे वाचतात. आपलाच हात तो उघडू शकतो का, हे दुकानात कोणी विचारत नाही. डाव्या हाताने धरून, मूठ घट्ट आवळून आणि पिळून पाहणे ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. पाते आधी बोथट करून घ्यावे किंवा जाड चिकटपट्टीत गुंडाळावे, हे सांगायला नको.

मग मी त्यांना माझा उजवा हात दाखवला. माझ्या तर्जनीचे शेवटचे पेर वाकत नाही. विशीत असताना बिनलॉकच्या चाकूने दोर कापताना पाते अडकले, मी ते उलट ओढले आणि ते बोटावर मिटले. बोट वाकवणारे स्नायुबंध दोन असतात. एक मधल्या सांध्यापाशी संपतो आणि दुसरा शेवटच्या पेरापर्यंत जातो. माझा दुसरा तुटला होता. मधला सांधा वाकत होता म्हणून उपचार करणाऱ्यांनी फक्त कातडी शिवली, आणि खरा प्रकार लक्षात आला तेव्हा वेळ निघून गेलेली होती. वेळीच शिवला असता तरी काही आठवडे पट्टी आणि जड कामाला लागेपर्यंत सुमारे तीन महिने, हा हिशेब चुकला नसताच. औषधाच्या बाटल्यांची झाकणे दिवसातून शंभरदा उघडणाऱ्या माणसाला हे अधिक समजावून सांगावे लागले नाही.

कायद्याचा विषय मी ओझरताच काढला, कारण तो ज्याच्या त्याच्या देशात ज्याने त्याने पाहायचा असतो. तरी एक विसंगती मी प्रत्येकाला सांगते. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो, लॉक असलेला येत नाही. जर्मनीत 2008 पासून एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय बरोबर नेता येत नाही, आणि स्वसंरक्षण हे तिथे सबळ कारण मानले जात नाही. म्हणजे बोटे वाचवणारा लॉकच कायद्याच्या डोळ्यांत चाकूला हत्यार बनवतो. ब्रिटनमध्ये तर "हा मी स्वसंरक्षणासाठी ठेवला आहे" असे प्रांजळपणे सांगितले, तर साधा चाकूसुद्धा हत्यार ठरू शकतो.

"मग कुठला ठेवू?" त्यांनी पुन्हा विचारले, पण या वेळी वही बंद होती.

माझे मत मी आडपडदा न ठेवता दिले. तिसरा परत करा. गुळगुळीत मूठ आणि झकास आवाज यापलीकडे त्यात काही नाही. पहिला खोकी फोडायला ठेवा, बोटे सांभाळून. दुसरा ठेवायचा असेल तर कपाटात ठेवा, आणि आठवड्यातून दोनदा असे आठ आठवडे इथे या; त्यानंतर तो खिशात घालायचा का, ते आपण ठरवू. त्या आठ आठवड्यांत चाकू शेवटच्या दोन आठवड्यांत येईल, हेही सांगितले. ते थोडे खट्टू झाले, पण आले.

पहिले तीन आठवडे आम्ही हातात काहीच घेतले नाही. पकडलेले मनगट अंगठ्याच्या फटीकडून सोडवणे, रिकाम्या हाताने समोरच्याला दूर ठेवणे, पाठ भिंतीला लागू न देणे आणि पोटातून ओरडणे. हे शेवटचे त्यांना सर्वांत जड गेले; गिऱ्हाइकांशी आयुष्यभर हळू बोललेल्या माणसाच्या गळ्यातून "मागे हो!" बाहेर पडायला दोन आठवडे लागले. मध्येच एकदा त्यांनी सांगितले की आता दुकान बंद करताना मदतनीस थांबतो, शटरवर दिवा लावला आहे आणि रोकड संध्याकाळीच बँकेत जाते. मी यातले काहीच सुचवले नव्हते.

सातव्या आठवड्यात मी पुन्हा तोच धावत येण्याचा प्रयोग ठेवला. खिशात लाल मुठीचा चाकू होता, हातात पिशवी होती. सहकारी ओरडत सुटला. त्यांनी खिशाकडे हातही नेला नाही. पिशवी सहकाऱ्याच्या पायांवर फेकली, खच्चून ओरडले, बाजूला सरकले आणि उघड्या दारातून बाहेर पडले. सहकारी पिशवीत पाय अडकून चटईवर बसला होता. आम्ही वाट पाहिली, पण ते परत येईनात. बऱ्याच वेळाने जिन्याच्या खालून त्यांचा आवाज आला, "मॅडम, एवढे पुरे का, की अजून लांब जाऊ?"