रातले बी दुखस

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. अमळनेरला तेव्हा सकाळी दहालाच ऊन डोक्यात शिरतं, म्हणून पोलीस भरतीची पोरं माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात ती सातच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. ही मात्र भर दुपारी आली, काकांच्या मोटारसायकलवर मागे बसून. चोपडा तालुक्यातली, वय १९. आईवडील केळीच्या बागेत मजुरीला. पोलीस भरतीच्या तयारीसाठी इथे तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती आणि मैदानी चाचणी २३ दिवसांवर आली होती.

"नडगी भरलीय तिची," काकाच बोलले. "अकॅडमीच्या सरांनी सांगितलंय टेप लावून आणा. थोडं दुखतं, बाकी काही नाही."

नडगी भरणं मला नवीन नाही. भरतीच्या हंगामात रोज एकतरी पाय असा येतो. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते, भेगा पडतात, मग पोरं पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पळतात. महिन्याभरात चार किलोमीटरचे दहा होतात. नडगीच्या आतल्या कडेला चार बोटं, कधी वीतभर लांबीचा पट्टा दुखायला लागतो. धावणं कमी केलं आणि पोटरीला ताकद आणली की बहुतेक पाय सुधारतात.

मी तपासायला घेतलं. ती प्रत्येक प्रश्नावर काकांकडे बघायची आणि उत्तर काका द्यायचे. शेवटी मी त्यांना म्हटलं, "काका, समोर चहा घेऊन या तुम्ही." ते गेल्यावर मी तिच्याशी अहिराणीत बोलले.

"माले सांग माय, पळताना दुखस का आखो कव्हय?"

ती खाली बघत म्हणाली, "रातले बी दुखस. झोप नई येस."

माझा हात तिच्या पायावर थांबला. नडगी भरलेली माणसं सहसा असं सांगत नाहीत. त्यांना धावताना, धावून झाल्यावर दुखतं आणि विसावलं की कमी होतं. विश्रांतीत, रात्री ठणकणारं हाड वेगळं काही सांगत असतं. मी पुन्हा कडेकडेने दाबत गेले. बाकी पट्टा साधारण होता, पण घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, ती कळवळून उठली. त्या पायावर हलकेच एक उडी मारायला सांगितली. मारली, पण दुसरीसाठी पाय उचललाच नाही तिने.

हाडाला बारीक तडा जातो तो असा. एका दणक्याने नाही, रोजच्या हजारो पावलांनी. हाड स्वतःला दुरुस्त करत असतंच, पण त्याला वेळ आणि अन्न, दोन्ही लागतं. वेळ तिला कुणी दिला नव्हता. अन्नाचं विचारलं तेव्हा कळलं, पहाटे फक्त चहा घेऊन पळायची. दुपारी खिचडी, रात्री चौघींत मिळून भाकरी आणि ठेचा. पाच महिन्यांत ४७ किलोची ४१ झाली होती.

मग मी पाळीचं विचारलं. पाच महिने आलीच नव्हती. "बरंच झालं ना ताई, पळायला बरं पडतं," ती म्हणाली. खोलीतल्या सगळ्याच तसं समजत होत्या.

खाणं कमी, धावणं जास्त, अशा वेळी शरीर आधी पाळी थांबवतं, आणि ज्या संप्रेरकाने हाडं भक्कम राहतात तेच कमी पडतं. टेपची पट्टी तिथे काय करणार? हे मला तिला पाच मिनिटांत समजवायचं होतं आणि बाहेरून काका चहा पिऊन परतत होते.

एक्स-रे साधा आला. अशा तड्यात पहिले दोन-तीन आठवडे तो बऱ्याचदा साधाच येतो, आणि "एक्स-रे क्लिअर आहे" म्हणून पुढे कितीतरी पोरं पळतात. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, धुळ्याला. तडा दिसला. सुदैवाने आतल्या कडेचा होता. नडगीच्या पुढच्या बाजूचा असता तर तो सहज जुळत नाही, आणि पुरता मोडायचीही भीती असते.

त्याच संध्याकाळी अकॅडमीतल्या सरांचा फोन आला. "मॅडम, एक मैदानी मारू द्या तिला. मग वर्षभर आराम करेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. ५० गुणांची ती चाचणी पोरीच्या आयुष्याचा रस्ता बदलू शकत होती, हे मलाही कळत होतं. तरी मी नाही म्हणाले. काकांनी इंजेक्शनचं विचारलं, त्यालाही नाही म्हणाले. दुखणं दाबून तिने ८०० मीटर मारले असते आणि तडा पुढे गेला असता, तर पुढचीही भरती हातची गेली असती. ती रडली. मी तिला रडू दिलं.

आठ आठवडे धावणं बंद. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पहाटे शेंगदाणे, गूळ, केळी पोटात गेल्याशिवाय व्यायाम नाही, हे मी वहीत लिहून सही करून दिलं. चालताना दुखायचं थांबलं तशी सायकल आणि बसून गोळाफेक सुरू केली. मग एका पायावर टाच उचलायला लावली. दुखऱ्या बाजूने जेमतेम नऊ झाल्या; मला पंचवीस हव्या होत्या. त्यासाठी दहा आठवडे लागले. धावणं पुन्हा सुरू झालं ते एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं. सर मैदानावर ओरडायचे, "ढांग लांब टाक!" मी तिला उलट सांगितलं: पावलं आखूड आणि जलद. पाय शरीराच्या फार पुढे पडला की दणका थेट नडगीला बसतो. मोबाइलवरच्या टिकटिकीवर तिने मिनिटाला १५६ पावलांची १६६ केली.

ती भरती गेलीच. डिसेंबरात तिने ८०० मीटर २ मिनिटं ५४ सेकंदांत मारले. दुखण्याआधी तिला ३ मिनिटं ५ सेकंद लागायचे. ५० पैकी ८०० मीटरचे पूर्ण २० गुण मिळायला अजून चार सेकंद कमी व्हायला हवेत. वजन ४८ आहे, पाळी सुरू आहे.

गेल्या आठवड्यात सरांचा पुन्हा फोन आला. थोडे अडखळत होते. "मॅडम, आणखी दोन पोरी पाठवतोय. पाय दुखतो म्हणतात. आणि ते… ते पण विचारून घ्या. मला नाही सांगत त्या."