रॉ, मंगळवार आणि आमचे तात्या

अमेरिकेतली सोमवारची रात्र म्हणजे सांगलीतली मंगळवारची पहाट. आज रॉ, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीचा दर आठवड्याचा कुस्तीचा शो, लावला तेव्हा भाच्याबरोबर तात्याही उठून बसले. तात्या तालमीत वाढलेले, मारुती मानेंच्या कवठेपिरानचं नाव निघालं की अजून ताठ बसणारे. जे उसो हा पैलवान रिंगकडं आला, हजारो लोकांचे हात एका तालात वरखाली व्हायला लागले आणि आमचा भाचा सोफ्यावर चढला. तात्या कुस्तीपेक्षा ती गर्दीच बघत होते. म्हणाले, "मैदान भरल्यागत वाटतंय की रं."

"सगळं ठरलेलं असतं, कशाला ओरडता?" असं लोक विचारतात त्याचा मला खरंच राग येतो. निकाल ठरलेला असतो, मान्य. पण लोकांचं ओरडणं कोण ठरवणार? २०१४ च्या जानेवारीत रॉयल रंबल ही त्यांची मोठी लढत बटिस्टा या पैलवानानं जिंकली आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली, कारण सगळ्यांना डॅनियल ब्रायन हवा होता आणि तो त्या लढतीत नव्हताच. पुढं आठवड्यामागून आठवडे ब्रायनसाठी 'येस, येस'चा गजर चालूच राहिला. शेवटी कंपनीला बेत बदलावा लागला आणि एप्रिलमध्ये रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये ब्रायन चॅम्पियन झाला. गर्दीनं जिंकलेली कुस्ती आहे ती!

हे तात्यांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मग प्रेक्षक जाणकार हायत." त्यांच्या तोंडून ही दाद मिळाली, याचा मला दिवसभर आनंद आहे. भाचा तर आता ब्रायनच्या जुन्या कुस्त्या शोधत बसलाय.