लॉगबुकातली वीस मिनिटं

परवा रात्री 11:40 ला परदेशातल्या एका एअरलाइनचा सेकंड ऑफिसरच्या जागेचा फॉर्म पाठवला. भरायला नऊ दिवस लागले. त्यातले सहा दिवस एकाच रकान्यात गेले, आणि मला त्या रकान्याबद्दलच लिहायचंय.

आधी ही जागा काय असते ते सांगतो. दहा-बारा तासांच्या उड्डाणाला दोन पायलट पुरत नाहीत, तीन किंवा चार लागतात. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर आळीपाळीनं मागे बंकमध्ये झोप घेतात आणि त्या वेळी त्यांच्या खुर्चीत सेकंड ऑफिसर बसतो. विमान उंचीवर गेलं, सरळ चाललं की त्याचं काम सुरू. टेकऑफ आणि लँडिंग त्याच्याकडे नसतं. सगळ्यात ज्युनिअर पायलट तोच, पुढे अनुभव आणि परीक्षा झाल्या की फर्स्ट ऑफिसर. बाबांना हे समजावत होतो तर ते मधेच म्हणाले, "म्हंजे रातच्यानं बांधीवर पानी धराले आपन पाळीनं जातो, तसं." अगदी तसंच. ग्राउंड क्लासमध्येसुद्धा मला हे इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, बिरसीच्या धावपट्टीपासून सायकलनं पाऊण तासावर. सगळा धानाचा पट्टा. बिरसीला पायलट ट्रेनिंग चालतं, म्हणून छोटी विमानं आम्हाला लहानपणापासून ओळखीची. एकच विमान धावपट्टीला टेकायचं आणि न थांबता पुन्हा वर जायचं, पुन्हा फिरून यायचं. सातवीत असताना मला वाटायचं, याला उतरायचं आहे पण कोणी उतरू देत नाही. कुंपणाच्या बाहेर उभा राहून मी जीव मुठीत धरून पाहायचो. त्याला टच अँड गो म्हणतात हे पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

ट्रेनिंग मी दुसऱ्या राज्यात केलं. कमर्शियल लायसन्सला आपल्याकडे 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना. नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन, टेक्निकल असे पेपर, वर क्लास वन मेडिकल. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. आमच्याकडे तारण म्हणजे बोडीखालची, म्हणजे गावतळ्याखालची, चार एकर. तलाठ्याकडून फेरफार झाला आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा चढला. तो उतारा बाबांनी घडी घालून माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवला आहे. मी मुद्दाम कधी काढत नाही, पण फॉर्मसाठी मार्कशीट काढताना तो हाताला लागलाच.

लायसन्सला दोन वर्षं झाली. आपल्याकडे बऱ्याच जागांना टाइप रेटिंग आधी हवं असतं, म्हणजे एका ठरावीक मोठ्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग, आणि ते स्वतःच्या खिशातून करायचं तर आणखी लाखो रुपये. तारण ठेवायला आमच्याकडे आणखी जमीन नाही. ही परदेशी कंपनी टाइप रेटिंग स्वतः करून देते आणि त्याबदल्यात काही वर्षांचा बाँड घेते. मला तो बाँड ओझं वाटत नाही.

आता तो रकाना. फॉर्मला एकूण तास हवे होते, मग त्याची फोड: ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचे), पायलट इन कमांड, रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवलेले), गेल्या बारा महिन्यांतले. आणि सगळे दशांशात. आमचं लॉगबुक, म्हणजे प्रत्येक उड्डाण लिहून ठेवायची वही, तास-मिनिटांत असतं. सहा मिनिटं म्हणजे 0.1 तास. काही मुलं प्रत्येक उड्डाण वेगवेगळं दशांशात करतात आणि दर वेळी वर ढकलतात. 1 तास 10 मिनिटांचे 1.2 लिहितात. शेकडो उड्डाणांवर असं केलं तर न उडवलेले तास जमा होतात. मी ठरवलं, आधी सगळी बेरीज तास-मिनिटांत पक्की करायची, रूपांतर शेवटी एकदाच.

साध्या कॅल्क्युलेटरवर मिनिटांची बेरीज चुकते. 45 आणि 35 मिळून तो 80 दाखवतो, आपल्याला हवा असतो 1 तास 20. दोनदा केली, दोन्ही वेळा वेगळं उत्तर. बाबा ओसरीवर पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या बांधायला तणसाचे बंध वळत बसले होते. म्हणाले, "तू वाच, मी जोडतो."

बाबा आठवी शिकलेले. पण आमच्याकडे जुनी माणसं धान अजून खंडी-कुडोत मोजतात, वीस कुडोची एक खंडी. ज्यानं जन्मभर विसावर हातचा घेतला त्याला साठावर घेणं जड नाही. मी एकेक ओळ वाचत गेलो, ते धान-चुकाऱ्याच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं लिहीत गेले. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. एक ओळ झाली की नुसतं "हं". पान 14 संपलं तेव्हा म्हणाले, "पायलट इन कमांड, चौऱ्यांशी-पंधरा." मी पान उलटलं. पान 15 च्या वर, मागून आणलेल्या बेरजेत माझ्याच अक्षरात 84:35 होतं.

वीस मिनिटं. तिथून पुढे पान 23 पर्यंत ती वीस मिनिटं तशीच चालत आली होती. शेवटची बेरीज 131:20 लिहिलेली, खरी 131:00. एकूण तास 226:40 बरोबर होते, फक्त हा एक रकाना फुगलेला.

बॅचमधल्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "शंभर लागतात, तुझे एकशे एकतीस आहेत. कोण पाहणार? सोड." त्याचा हेतू वाईट नव्हता. पण फॉर्मच्या शेवटी 'वरील माहिती खरी आहे' यावर सही माझी. बाहेरचे लोक लायसन्सची खातरजमा आपल्या डीजीसीएकडून, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडून, करून घेतात. 2011 साली आपल्याकडे खोट्या मार्कशीट आणि फुगवलेल्या तासांची प्रकरणं बाहेर आली होती; ती वाचली तेव्हा मी शाळेत होतो, पण पोटात झालेली कालवाकालव आठवते. ज्या माणसाच्या हातात आपण जीव देतो त्याचे तास कागदावरच वाढलेले असावेत?

बाबांना मी विचारलंही नाही. एका व्यापाऱ्यानं कट्ट्यामागे किलोभर धान जास्त धरलं होतं, त्याला वीसेक वर्षं झाली असतील. बाबा पुन्हा त्याच्या दारात गेले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि एवढंच विचारलं, "गाडी किती वाजताची हाय?"

लॉगबुकात व्हाइटनर चालत नाही, खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, ती मागचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. असं नऊ पानांवर. रात्रीची गाडी पकडून फ्लाइंग स्कूलला गेलो. चीफ इन्स्ट्रक्टर सरांनी शाळेची नोंदवही काढली आणि माझी उड्डाणं तिच्याशी ओळीनं ताडून पाहिली. वेळा सगळ्या यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून सकाळी साडेसहाची माझी पहिली सोलो, एकट्यानं केलेलं उड्डाण, तिथं 01:00 ला आहे. सरांचं बोट त्या ओळीवर थोडं थांबलं. दोन दिवस लागले. नवव्या पानावर सही करून त्यांनी लॉगबुक दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.

इंग्रजीबद्दल बरेच ज्युनिअर विचारतात म्हणून सांगतो. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या निकषांवर पायलटची इंग्रजी परीक्षा होते, तिच्यात सहा गोष्टी पाहतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. सहापैकी सर्वांत कमी जी लेव्हल, तीच तुमची लेव्हल. किमान 4 लागते. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मराठी माध्यमात. माझं आकलन चांगलं होतं, ओघानं मागे ओढलं. मग रोज सकाळी शेतावर जाताना मोबाइलवर नागपूर विमानतळाचा (कोड व्हीएएनपी) मेटार, म्हणजे तिथल्या हवामानाचा सांकेतिक अहवाल, काढून मोठ्यानं वाचायचो आणि पूर्ण वाक्यांत सांगायचो: वारा कुठून, दृश्यता किती, ढग किती फुटांवर. सात महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली, 5 मिळाली.

'तुम्हाला पायलट का व्हायचंय' याला अडीचशे शब्द होते. पहिल्या खर्ड्यात ठरलेली वाक्यं आली होती, ती खोडली. बिरसीचं कुंपण लिहिलं. टेकून पुन्हा उडणारं विमान लिहिलं. आणि त्याला कोणी उतरू देत नाही असं वाटून रडकुंडीला आलेला मुलगा.

घरात नेटवर्क येत नाही, बोडीच्या पाळीवर येतं. पावसाळ्यात तिथं साप असतात म्हणून आई टॉर्च घेऊन सोबत आली. पासपोर्ट, लायसन्स, मेडिकल, लॉगबुकाची शेवटची पानं एकेक करून चढली. पायलट इन कमांडच्या चौकटीत 131.0 टाकलं. चाक फिरत राहिलं, बेडकांचा नुसता गलका. "गेला काय रे?" आईनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा 'अर्ज मिळाला' अशी हिरवी ओळ आली. तिनं टॉर्चचा उजेड स्क्रीनवर मारला, तर त्यात काहीच दिसेना. मग टॉर्च बंद करून तिनं ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली.

आज सकाळी पाहिलं, स्थिती 'विचाराधीन'. मेडिकल ऑक्टोबरपर्यंत चालू आहे. उद्या खालच्या बांधीत रोवणी, बारा बाया सांगितल्या आहेत, पेंढ्या टाकायला मी.