दाब 34

परभणीहून नांदेडला डोळे दाखवायला निघालो की पिशवीत भाकरी-ठेचा अन् काळा चष्मा, दोन्ही ठरलेलं. मला युव्हिआयटिस आहे, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. थेंबांनी हटेना म्हणून डोळ्याशेजारी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. भीती मोठी, दुखलं कमी. दहा दिवसांत फळ्यावरची अक्षरं नीट दिसायला लागली, मी खूश.

दीड महिन्यानं डोळ्याचा दाब मोजला तर 34! साधारण 10 ते 21 असतो. ना ठणका, ना लाली. मी तर त्या दिवशी जाणारच नव्हतो, सोयाबीनची काढणी चालू होती. स्टेरॉइडनं काही जणांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपायची जाळी तुंबते. त्यात इंजेक्शनचं औषध महिनोन्महिने आत राहतं, थेंबांसारखं बंद करता येत नाही. आता सकाळ-संध्याकाळ टिमोलोल, दाब उतरवणारे थेंब. लिहून द्यायच्या आधी डॉक्टरांनी दमा आहे का विचारलं, हे बरं केलं; दमा असला तर हे थेंब चालत नाहीत.

शिवाय भिंगाच्या मागच्या बाजूनं मोतीबिंदू धरायलाय. रात्री समोरून ट्रक आला की नुसता उजेड फुटतो. आई म्हणते, "कामून रे, तुझ्या आज्याला सत्तरीत झाला होता, तुला आत्ताच?"

मोटारसायकल सध्या दिवस मावळायच्या आत घरी.