कादिझ: समुद्राने वेढलेल्या शहरात एकटीने घालवलेला एक दिवस आणि एक रात्र

दक्षिण स्पेनमध्ये फिरणारे अनेक प्रवासी सेव्हियाहून सकाळी कादिझला येतात आणि संध्याकाळी परततात. एकट्याने प्रवास करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की तेथे एक रात्र मुक्काम करावाच, कारण दुपारी दारे लावून घेणारे हे शहर खऱ्या अर्थाने जागे होते ते ऊन उतरल्यावर. सेव्हियाच्या सांता हुस्ता स्थानकातून रेल्वेने सुमारे पावणेदोन तास लागतात. कादिझचे स्थानक जुन्या शहराला लागूनच असल्यामुळे मुक्कामाची जागा जुन्या शहरात घेतली, तर सामान घेऊन पायीच जाता येते.

फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्राचीन दर्यावर्दी, व्यापाऱ्यांनी ‘गादिर’ या नावाने वसवलेले हे ठाणे पश्चिम युरोपातील सर्वांत जुन्या नांदत्या शहरांपैकी एक मानले जाते. जमिनीच्या अरुंद पट्टीच्या टोकाशी असलेल्या जुन्या शहराला तीन बाजूंनी पाणी आहे. गल्ल्यांमध्ये वाट चुकली, तरी कोणत्याही दिशेने थोडे चालल्यावर समुद्र लागतो आणि आपण कोठे आहोत ते कळते. सोबतीला कोणी नसताना या गोष्टीचा फार आधार वाटतो.

सकाळचा वेळ ताविरा मनोऱ्यासाठी ठेवावा. १७१७ मध्ये अमेरिका खंडाशी चालणाऱ्या व्यापाराचे नियंत्रक कार्यालय सेव्हियाहून येथे आले आणि कादिझ श्रीमंत झाले. आपली जहाजे दुरूनच दिसावीत म्हणून व्यापाऱ्यांनी घरांच्या गच्च्यांवर टेहळणीचे मनोरे बांधले आणि त्यांपैकी शंभराहून अधिक आजही उभे आहेत. ताविरा हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मनोरा. त्याच्या अंधाऱ्या खोलीत भिंग आणि आरशाच्या साहाय्याने शहराचे हलते दृश्य पांढऱ्या पृष्ठभागावर उमटते. दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि उडणारे पक्षी त्यात पाहताना मी वेळेचे भान विसरले. हे दृश्य लहान गटांना ठरावीक वेळी दाखवले जाते, म्हणून तिकीट आधीच काढून ठेवावे.

मीना चौकातील संग्रहालयात फिनिशियन काळातील दोन संगमरवरी शवपेटिका आहेत. पुरुषाची आकृती असलेली पेटी १८८७ मध्ये सापडली. तिच्या जोडीची स्त्रीची पेटी असणारच, या विश्वासाने पुरातत्त्वज्ञ पेलायो किंतेरो यांनी दीर्घकाळ शोध घेतला. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८० मध्ये, त्यांच्याच जुन्या घराच्या जागेवर मिळाली. केवळ या जोडीसाठीही तेथे जावे. सोमवारी मात्र संग्रहालय बंद असते.

जेवणासाठी दुपारी दोननंतरच निघावे. एकट्या माणसाने टेबलाची वाट न पाहता सरळ काउंटरपाशी उभे राहावे आणि पदार्थ ‘तापा’ या लहान आकारात मागवावेत, म्हणजे तीन-चार पदार्थ चाखता येतात. ‘रासिओन’ म्हणजे दोघांना पुरेल एवढी ताटली. तिची निम्मी ‘मेदिया रासिओन’. येथील ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ हा पदार्थ कोकणातल्या जवळ्याच्या भज्यांची आठवण करून देतो. इवलीशी कोळंबी बेसन आणि गव्हाच्या पिठात कालवून कुरकुरीत तळलेली असते. शाकाहारी प्रवाशांनी ‘पापास अलिन्यास’ हे व्हिनेगर, ऑलिव्ह तेल व कांदा घातलेले बटाटे मागवावेत. परंतु त्यांवर ट्यूना मासा घालण्याची पद्धत असल्याने तो नको, असे स्पष्ट सांगावे.

जेवणानंतर संध्याकाळपर्यंत बरीच दुकाने बंद असतात. तो वेळ विश्रांतीत घालवावा, कारण स्पेनचे घड्याळ सूर्याच्या बरेच पुढे असते. उन्हाळ्यात येथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वादोननंतर, आणि जूनमध्ये सूर्यास्त रात्री पावणेदहाच्या सुमारास होतो.

सायंकाळी मी आलामेदा या समुद्रकाठच्या बागेतील प्रचंड वडवर्गीय वृक्षांपासून तटाच्या कडेकडेने चालत ला कालेता या किनाऱ्यावर गेले. सांता कातालिना आणि सान सेबास्तियान या दोन किल्ल्यांमधील ही लहानशी पुळण पश्चिमेकडे तोंड करून आहे. ‘लेवान्ते’ हा पूर्वेचा कोरडा वारा सुटतो, तेव्हा नव्या शहरातील लांबलचक किनाऱ्यावर वाळू अंगावर येते. अशा दिवशी आडोशाला असलेली ला कालेताच निवडावी. ओहोटीला येथे खडक उघडे पडतात, त्यामुळे पोहायचे असल्यास भरतीची वेळ पाहून जावे.

रात्रीच्या जेवणासाठी जवळचा ला व्हिन्या हा कोळ्यांचा जुना मोहल्ला उत्तम. रात्री अकराच्या सुमारासही चौकात मुले खेळत होती आणि आज्या खुर्च्या टाकून गप्पा मारत होत्या. त्या वर्दळीतून एकटीने मुक्कामी परतताना मला कोठेही धास्ती वाटली नाही. पाकीट, पासपोर्ट यांची नेहमीची काळजी घ्यावी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक लक्षात ठेवावा. हलकी झोप असणाऱ्यांनी खोली चौकाच्या बाजूची न घेता आतल्या अंगणाकडची मागावी, कारण गप्पांचा आवाज मध्यरात्रीनंतरही बराच वेळ वर येत राहतो.