पानओल, तिसरा टप्पा: सर्व्हर सुटा केला

पानओल म्हणजे द्राक्षाचं पान किती वेळ ओलं राहतं ते मोजणारं माझं घरगुती यंत्र. गच्चीवर त्याचे दोन बोर्ड लटकलेत. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा संगणक-बोर्ड), त्याला एक डीएचटी२२ (तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर) आणि पानाचा ओलावा मोजणारी पट्टी. थोड्या थोड्या वेळाने दोघे खाली हॉलमधल्या जुन्या लॅपटॉपला आकडे पाठवतात. गोडी छाटणीच्या (द्राक्षवेलीची फळांसाठीची छाटणी) आधी ते दिंडोरीला मामाच्या बागेत बसायला हवेत, कारण छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की केवडा रोग येतो आणि पान किती तास ओलं राहिलं यावर मामाची फवारणी ठरते. तोवर त्यांची तालीम इथे नाशकात, आईच्या तुळशीशेजारी.

मागच्या टप्प्यापर्यंत क्लोजर या प्रोग्रामिंग भाषेतला सगळा कोड एकाच कोअर फाइलीत होता. डेटाबेस एका ग्लोबल डेफमध्ये (कुठूनही वापरता येणारं नाव), सर्व्हर एका अ‍ॅटममध्ये, आणि ३००० हा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) तीन ठिकाणी लिहिलेला. चालत होतं, नाही असं नाही. पण आरईपीएलमध्ये (कोड जिवंत चालवून बघायची खिडकी) काही बदललं की ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ यायचं आणि मी वैतागून अख्खं जेव्हीएम, म्हणजे क्लोजर ज्यावर चालतं ते जावाचं यंत्र, मारायचे. या वेळी ठरवलं की सर्व्हर, राउटर (कुठली रिक्वेस्ट कोणत्या कोडकडे जायची ते ठरवणारा), डेटाबेस, साठवण हे सगळे सुटे भाग करायचे आणि त्यांची जोडणी एका ईडीएन फाइलीत (क्लोजरच्या पद्धतीने लिहिलेला साधा डेटा) लिहायची.

अशी जोडणी करून देणाऱ्या लायब्ररींमधून निवड इंटिग्रंटची केली. स्टुअर्ट सिएराचं कंपोनंट आधी वापरलं होतं. चांगलं आहे, पण प्रत्येक गोष्टीचा रेकॉर्ड करून त्याला स्टार्ट-स्टॉप शिकवायचा मला कंटाळा येतो. माउंट या आणखी एका लायब्ररीत स्टेट (चालू भाग) नेमस्पेसमध्येच, म्हणजे कोडच्या फाइलीतच बसतं, लिहायला सोपं. मात्र एकाच वेळी दोन वेगळ्या सिस्टिम उभ्या करायच्या झाल्या, एक टेस्टसाठी आणि एक खरी, की तिथे माझं डोकं दुखायला लागतं. जेम्स रीव्ह्जच्या इंटिग्रंटमध्ये जोडणी म्हणजे निव्वळ एक मॅप, की आणि तिची किंमत अशा जोड्यांची यादी. कोणाला कोण लागतं ते रेफने सांगायचं, इनिट-कीमध्ये भाग सुरू करायचा, हॉल्ट-कीमध्ये बंद. कॉम्पोजर ही राउटरची लायब्ररीही त्याच माणसाची, त्यामुळे हात जरा सरावलेला होता.

पहिल्याच संध्याकाळी अडकले. सगळं नीट मांडलं, गो (सिस्टिम सुरू कर) म्हटलं, आणि ‘परमिशन डिनाइड’. फाइलींचे हक्क तपासले, एसक्यूलाइट या डेटाबेसचा फोल्डर तपासला, अर्धा तास गेला. मग स्टॅक ट्रेस वरून खाली वाचला (जे आधी करायचं असतं) तेव्हा दिसलं की जेटी (माझा वेब सर्व्हर) ८० नंबरचा पोर्ट मागतंय. मी तर ३००० दिला होता! दिला होता खरा, पण ईडीएनमध्ये की लिहिली होती ‘एचटीटीपी-पोर्ट’. रिंग या वेब लायब्ररीतल्या, जेटी सुरू करणाऱ्या रन-जेटीला ‘पोर्ट’ हवं असतं. ते मॅपमधून आपल्या ओळखीच्या कीज उचलतं, अनोळखी कीकडे ढुंकूनही बघत नाही, आणि पोर्ट सापडला नाही की गुपचूप ८० धरतं. लिनक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट साध्या यूजरला मिळत नाही, म्हणून परमिशनची बोंब. चूक एका शब्दाची आणि तक्रार भलत्याच गावची. आता सर्व्हरच्या इनिट-कीमध्ये पहिलीच ओळ आहे: पोर्ट पूर्णांक नसेल तर तिथेच ओरड.

पूर्णांक का, तर तीही ठेच खाऊन झाली. पोर्ट ऐरो या सेटिंग वाचणाऱ्या लायब्ररीच्या एन्व्ह टॅगने एन्व्हायर्नमेंटमधून घेतला तर तो स्ट्रिंग म्हणून येतो. त्याच्या आधी लाँग टॅग लावावा लागतो. शिवाय इंटिग्रंटचा रेफ टॅग ऐरोला मुळात ठाऊक नसतो, त्याची ओळख एका डेफमेथडने करून द्यावी लागते. दोन मिनिटांचं काम.

जॉइनबद्दल नव्यांसाठी एक वाक्य: रन-जेटीला जॉइन फॉल्स दिलं नाही तर ते चालू थ्रेड अडवून बसतं, गो परत येतच नाही, आणि आरईपीएल गोठलं असं वाटतं.

राउटर रेइटिटचा. इथे मिडलवेअरचा (हँडलरभोवती गुंडाळलेले थर) क्रम उलटा झाला. जुन्या कोडमध्ये हँडलर (रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) बाणाच्या मॅक्रोतून जायचा, तिथे शेवटी लिहिलेलं मिडलवेअर सगळ्यात बाहेरचं असतं. रेइटिटच्या व्हेक्टरमध्ये पहिलं लिहिलेलं सगळ्यात बाहेरचं. मी तोच क्रम डोळे झाकून उतरवला, त्यामुळे फॉर्ममधल्या नावांचे कीवर्ड करणारं कीवर्ड-पॅराम्स आधी धावलं आणि फॉर्म उलगडणारं पॅराम्स नंतर. बोर्डाचा फॉर्म व्यवस्थित येत होता, पण तापमान निल (रिकामं), ओलावा निल. आलेखावर रात्रभर सपाट रेघ. आईने विचारलं, “बिघडलंय का गं ते?” बिघडलं नव्हतं, उलटं घातलं होतं.

आता या टप्प्यातली खरी गोष्ट.

बोर्डाकडून आलेले आकडे मी लगेच एसक्यूलाइटमध्ये लिहीत नाही. साठवण नावाचा एक भाग ते मेमरीत धरतो आणि मिनिटाला एकदा एकगठ्ठा लिहितो, कारण एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहिणारा चालतो आणि मला कुलपांची भांडणं नको होती. बंद होताना साठवणीने उरलेला गठ्ठा लिहून मगच जायचं, असं तिच्या हॉल्ट-कीमध्ये लिहिलंय. मेनमध्ये शटडाउन हुक (प्रोग्राम बंद होताना चालणारा कोड) आहे, त्यामुळे कंट्रोल-सी केलं तरी हॉल्ट चालतं. कागदावर सगळं छान.

प्रत्यक्षात दर वेळी बंद केल्यावर शेवटच्या मिनिटाच्या नोंदी गायब. लॉगमध्ये एक ओळ: हिकारीचा (डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणारी लायब्ररी) डेटासोर्स बंद झालाय. म्हणजे साठवण लिहायला गेली तेव्हा डेटाबेस आधीच दुकान बंद करून गेलेला.

हे कसं झालं ते शोधायला रविवार गेला. इंटिग्रंट बंद करताना सुरू करण्याच्या बरोबर उलटा क्रम लावतं, हे मला माहीत होतं. हँडलर डेटाबेसवर अवलंबून, हँडलर साठवणीवरही अवलंबून, दोन्ही रेफ जागेवर. मग? साठवणीचा कोड उघडला तर आत जुना ग्लोबल डेफ अजून जिवंत! कोअर फाइलीतून कोड हलवताना ती एक ओळ तशीच आली होती. साठवण डेटाबेस वापरत होती, पण तसं तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. ईडीएनमध्ये त्या दोघांचं काहीच नातं नाही, मग कोण आधी जाणार याची हमी इंटिग्रंटने कुठून द्यायची? सुरू होताना बिंग फुटलं नाही, कारण साठवण पहिल्यांदा लिहिते ती मिनिटभराने. तोवर डेटाबेस उभा असतोच.

योगायोगाने त्याच दुपारी मामाचा फोन. “काय गं, तुझं मशीन आमच्या वेलीवर कधी बसणार?”

म्हटलं, “मामा, बंद करताना गडबड होतेय. कोण आधी बंद व्हायचं तेच जुळत नाहीये.”

“त्यात काय. चालू करताना आधी ड्रिपचा कॉक उघडायचा, मग मोटर टाकायची. बंद करताना आधी मोटर, मग कॉक. उलटं केलंस तर पाइप फुटणार.”

“ते ठाऊक आहे हो. पण माझ्या मोटरीला ती कुठल्या कॉकवर आहे तेच माहीत नाही.”

“मग शेतात कोणी लपून पाइप जोडलाय का ते बघ,” म्हणाले, आणि ठेवला. क्लोजर न येणाऱ्या माणसाने केलेलं इतकं अचूक डीबगिंग मी पाहिलेलं नाही.

लपलेला पाइप काढला. साठवणीला डेटाबेसचा रेफ दिला, ग्लोबल डेफ पुसला, आणि सगळ्या फाइलींत असा आणखी कुठे डेफ उरलाय का ते ग्रेप या शोधायच्या कमांडने शोधलं. अजून एक निघाला, घड्याळाचा. तोही काढला. आता दहादा कंट्रोल-सी केलं, दहाही वेळा शेवटच्या नोंदी जागेवर. किल वजा ९ ने, म्हणजे जबरदस्तीने मारलं तर हुक चालत नाही आणि नोंदी जातात. त्याला इलाज नाही.

सर्व्हर खरंच सुटा झाला का, हे बघायला जेटी काढून एचटीटीपी-किट हा दुसरा सर्व्हर लावला. ईडीएनमध्ये एक की बदलली, नवा इनिट-की लिहिला. एचटीटीपी-किट सर्व्हरची वस्तू देत नाही, बंद करण्याचं फंक्शन देतं. त्याला टाइमआउट दिला तर चालू रिक्वेस्ट संपण्यासाठी जास्तीत जास्त तेवढा वेळ थांबतं. त्यामुळे हॉल्ट-की वेगळा लिहावा लागला. बाकी एकाही फाइलीला हात लागला नाही, यावर मी खूश. तरी जेटीवरच परत आले. कारण काही थोर नाही, दोन बोर्डांना दोन्ही पुरतात आणि जेटीचे लॉग मला वाचता येतात.

शेवटचा उद्योग रीसेटचा. इंटिग्रंट-आरईपीएलमध्ये रीसेट केलं की सिस्टिम थांबते, बदललेला कोड लोड होतो, पुन्हा उठते. त्या दोन-तीन सेकंदांत बोर्डाने दार ठोठावलं तर कनेक्शन नाकारलं जातं. यावर सस्पेंड-की आणि रिझ्यूम-की आहेत: जेटी चालूच ठेवायचं, त्याच्यामागचा हँडलर अ‍ॅटममध्ये ठेवायचा, सस्पेंड होताना तिथे रिकामा प्रॉमिस (किंमत नंतर भरायची जागा) टाकायचा आणि रिझ्यूमला नवा हँडलर त्यात घालायचा. मधल्या वेळात आलेली रिक्वेस्ट नाकारली जात नाही, ताटकळत थांबते. इंटिग्रंटच्या रीडमीत हीच युक्ती दिलीय.

पण कंस चुकला आणि कोड लोडच झाला नाही, तर प्रॉमिस रिकामाच राहतो आणि रिक्वेस्ट कायमची ताटकळते. बोर्डाचा टाइमआउट मी ५ सेकंद ठेवलाय, म्हणून डीरेफला (प्रॉमिसमधली किंमत बाहेर काढणं) ३ सेकंदांची मुदत दिली: तेवढ्यात हँडलर आला नाही तर ५०३ (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’) परत, बोर्ड पुन्हा प्रयत्न करेल. आणि लगेच क्लासकास्ट एक्सेप्शन! रीडमीप्रमाणे सुरुवातीला अ‍ॅटममध्ये डिले (मागितल्यावरच काढली जाणारी किंमत) होता, आणि मुदतीचा डीरेफ डिलेवर चालत नाही. क्लोजर त्याला फ्यूचर समजायला जातं. सुरुवातीपासूनच प्रॉमिस ठेवला, इनिटमध्ये लगेच हँडलर भरला, प्रश्न मिटला.

काल रात्री मुद्दाम एक कंस उडवून रीसेट केलं आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. बोर्डाचा लाल दिवा दोनदा लुकलुकला, म्हणजे ५०३ मिळालं. खाली येऊन कंस लावला, पुन्हा रीसेट, आणि वर जाईपर्यंत हिरवा. जिने चढून-उतरून दम लागला तो वेगळा.

पुढच्या वेळी लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय. मामाच्या शेतघरात तोच राहणार आहे, तेव्हा जेव्हीएमला मेमरी किती द्यायची हे बघायचंय. कोणी पायवर हिकारीसकट एसक्यूलाइट चालवलं असेल तर कनेक्शनच्या पूलचा आकार किती ठेवलात ते कळवा. माझ्याकडे सध्या मूळचाच १० आहे आणि तो उगाच मोठा वाटतोय.